सहा दिवसांचे शौर्य : लेफ्टनंट कर्नल तारापोर

शौर्यपदक म्हटले की एखाद्या क्षणाचे धाडस डोळ्यांपुढे येते. पारशी समाजाशी दीर्घ परिचय असलेल्या सुरतेच्या या परिसरात मी आज ज्या पारशी सेनानीचे स्मरण करीत आहे, त्यांचे परमवीर चक्र मात्र सलग सहा दिवसांच्या निर्धाराचे आहे.

अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईत झाला, शिक्षण पुण्यात. हैदराबाद संस्थानाच्या सैन्यातून दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पश्चिम आशियात कामगिरी केली. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ते 1817 साली उभारलेल्या ‘पूना हॉर्स’ या रिसाल्यात आले. घोड्यांची जागा तोवर रणगाड्यांनी घेतली होती. नाव तेवढे घोडदळाचे उरले होते.

11 सप्टेंबर 1965 रोजी सियालकोट आघाडीवर फिलोऱ्याच्या लढाईत ते जखमी झाले. रुग्णालयात जाण्यास त्यांनी नकार दिला. 14 तारखेस त्यांच्या नेतृत्वाखाली वझीरवाली घेण्यात आले. 16 तारखेस जसोरान व बुतूर-डोग्रांडी येथे त्यांच्या रणगाड्यावर अनेक तोफगोळे आदळले, तरी पायदळाला चविंड्यावर मागून चालून जाता यावे म्हणून त्यांनी मोर्चा सोडला नाही. अखेर पेटलेल्या रणगाड्यात त्यांना वीरमरण आले. सन्मानपत्रानुसार त्यांच्या रिसाल्याने शत्रूचे सुमारे 60 रणगाडे निकामी केले. स्वतःचे 9 गमावले.

चविंडा आपल्या हाती आले नाही, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे. त्याने पदकाचे तेज उणावत नाही. परत फिरण्याचे रास्त कारण असूनही जो सहकाऱ्यांसमवेत राहिला, त्याचा हा गौरव आहे.