रक्ताची दुसरी कांच

सीताबर्डीवरील आमच्या घरचा मोती एका पावसाळ्यांत तापानें फणफणला. डोळे निळसर पांढरे झाले. रक्ताची कांच तपासली, तींत कांहीं दिसलें नाहीं. आम्ही निर्धास्त झालों, तेंच चुकलें.

रोग होता सर्रा. चावऱ्या माश्या तो पसरवितात. त्याचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत पाहिला. १८८९ सालीं पुण्यास सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. तिचे प्रमुख लिंगार्ड यांनींही याच रोगाचा अभ्यास केला. कुत्र्यास तो बहुधा प्राणघातक.

जंतूची खोड अशी, कीं रक्तांत त्याची संख्या वाढते व ओसरते. ओसरत्या दिवशीं घेतलेला थेंब निर्दोषच दिसणार! म्हणून रक्तांतील प्रतिद्रव्यें हुडकणारी कसोटी निघाली. पण तीही पुरती विश्वासू नव्हे. २००४ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत हा जंतु सांपडला. आमच्या नागपूरच्या डॉक्टरांनीं ती विलक्षण नोंद जगापुढें मांडली. मग त्याच्या गांवच्या १,८०६ जणांची तपासणी झाली. ४१० जणांच्या रक्तानें कसोटीस होकार दिला. परंतु ज्यांचा होकार जोरदार, त्यांच्याही रक्तांत जंतु दिसला नाहीं. प्रतिद्रव्यें सांगतात तें जंतूशीं गांठ पडल्याचें. तो अजून आंत आहे कीं नाहीं, हें नव्हे. जंतूचें जनुकद्रव्यच शोधणारी तपासणी हें कोडें पुष्कळसें सोडविते.

मोतीची दुसरी कांच आम्ही आठवड्यानें नेली. तींत जंतु होते. औषधानें तो वांचला. दृष्टि मात्र परत आली नाहीं.