अभियांत्रिकी आरेखनाची जन्मकथा

गतवर्षी आपल्या संस्थेच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभानंतर पदविकेच्या पहिल्या वर्षास असलेला एक मुलगा माझ्यापाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, गणितात गुण चांगले आहेत, पण ड्रॉइंगचा विषय राहिला. हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे. सोडून द्यावे म्हणतो." प्रस्तुत लेखक केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. अभियांत्रिकीत माझा अधिकार नाही. परंतु शाळेत मुलांना भूमिती शिकविण्यात आयुष्य गेले असल्यामुळे या विद्येचा इतिहास मला थोडाबहुत ठाऊक आहे. 'हे काम आपले नव्हे' हेच वाक्य या विद्येच्या जनकासही ऐकावे लागले होते. म्हणून ती हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवतो.

फ्रान्समधील बोन या गावी १७४६ साली गास्पार मोंज याचा जन्म झाला. वडील फिरून किरकोळ व्यापार करणारे; घराणे सामान्य. विशी गाठण्यापूर्वीच या मुलाने आपल्या गावाचा मोठा नकाशा तयार केला. मोजणीची साधने जवळ नव्हती, तीही त्याने स्वतःच बनविली असे सांगतात. तो नकाशा एका लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडला व त्याच्या शिफारशीने मोंज मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाला. परंतु अधिकारी होण्याचा मार्ग तेथे उमराव कुळातील मुलांनाच मोकळा होता. किरकोळ व्यापाऱ्याच्या मुलाच्या वाट्यास नकाशे काढणे व दगडकामासाठी प्लॅस्टरचे नमुने बनविणे एवढेच काम आले.

अशात एके दिवशी त्यास एका किल्ल्याची आखणी करावयास सांगण्यात आले. सभोवारच्या उंच जागांवरून शत्रूच्या तोफांचा मारा आतील भागावर होऊ नये, अशा बेताने तटाची उंची ठरवावयाची होती. याकरिता त्या काळी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने ती बाजूस ठेवून भूमितीच्या आकृतीने उत्तर काढले. ते इतक्या लवकर हाती आले की वरिष्ठ अधिकारी ते तपासण्यासही राजी होईना. एवढ्या वेळात हिशेबच होऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे! मोंजने आग्रह धरला, तपासणी झाली आणि पद्धत निर्दोष ठरली. मग तिची थोरवी अशी मानली गेली की ती लष्करी गुपित म्हणून कुलूपबंद करण्यात आली. मोंज तेथेच शिक्षक झाला. तथापि विद्यालयाबाहेर ती विद्या शिकविण्याची मुभा त्यास नव्हती.

वस्तूचा तलविन्यास व दर्शनी भाग निरनिराळा काढण्याची रीत शिल्पी व गवंडी यांना पूर्वीपासून अवगत होती. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५२५ साली मोजमापाच्या भूमितीवर ग्रंथही लिहिला होता. मोंजने त्या विखुरलेल्या रीतींना शास्त्राचे रूप दिले. त्याचे मर्म घरातल्या पाटावरून समजेल.

एक भिंत व एक जमीन अशी दोन प्रतले कल्पावीत आणि पाट त्यांच्यामध्ये अधांतरी धरावा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यापासून भिंतीवर लंब टाकले की समोरचे दृश्य मिळते: एक लांब पट्टी व तिच्या खाली दोन ठेंगणे पाय. जमिनीवर लंब टाकले की वरचे दृश्य मिळते: नुसता आयत. खालच्या पट्ट्या वरून दिसत नाहीत, परंतु त्या आहेत. म्हणून त्या तुटक रेषांनी दाखवावयाच्या. आता दोन्ही प्रतले बिजागरीने जोडलेली आहेत असे समजून जमीन खाली वळवावी. भिंत व जमीन एकाच कागदावर येतात. समोरचे दृश्य वर व वरचे दृश्य खाली. यासच प्रथम कोन पद्धती म्हणतात. भारतात आज हीच प्रमाण मानली जाते. अमेरिकेत तृतीय कोन पद्धती असून तेथे वरचे दृश्य वरच्या बाजूस काढतात. दोन दृश्ये पुरी पडली नाहीत तर बाजूचे तिसरे काढावे. नवशिक्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात धरले की निम्मा विषय साधला. पाटाचा कोणताही कोपरा वरच्या व खालच्या आकृतीत एकाच उभ्या रेषेत आला पाहिजे. तो आला नाही तर चूक कोठे झाली, हे आकृतीच सांगते.

१७८९ च्या राज्यक्रांतीने जन्मावर आधारलेले अडसर मोडले. १७९४ साली पॅरिसमध्ये एकोल पोलितेक्निक ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत मोंज अग्रणी होता. १७९५ साली त्याने आपली विद्या प्रकट व्याख्यानांतून सांगितली आणि १७९९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेथील विद्यार्थी क्लॉड क्रोझे याने १८१६ नंतर ती अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात नेली. मोंजचा अंत मात्र कष्टी झाला. राजसत्ता परतल्यावर नेपोलियनचा स्नेही म्हणून त्याचे मानमरातब काढून घेण्यात आले. १८१८ साली तो वारला, तेव्हा विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची मनाई झाली. ते दुसऱ्या दिवशी त्याच्या समाधीपाशी गेले.

आपल्या देशात १८४७ साली रुरकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. पुण्यास १८५४ साली बांधकाम खात्याच्या कनिष्ठ नोकरवर्गासाठी एक वर्ग निघाला. त्याच वर्गाचे पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २०२२ साली त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेचे विद्यार्थी. टी-स्क्वेअर व गुण्या यांची जागा आता पुष्कळ अंशी संगणकाने घेतली आहे. परंतु न दिसणारी कड मनात पाहण्याचे काम संगणक आपल्यासाठी करीत नाही.

त्या मुलास मी ही हकीकत सांगितली व रविवारी घरी बोलाविले. पाट, अडकित्ता, दिवळीतली समई अशा वस्तू पुढ्यात ठेवून आम्ही आकृत्या काढल्या. पहिले चार रविवार कागद फाडण्यातच गेले. यंदाच्या उन्हाळ्यात तो त्या विषयात उत्तीर्ण झाला. गुण बेताचेच पडले, पण त्याने शिक्षण सोडले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुना ड्रॉइंग बोर्ड, मिनी-ड्राफ्टर वा कंपासपेटी माळ्यावर धूळ खात पडली असेल. ती संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावी, एवढी विनंती आहे. जी विद्या एके काळी कुळ पाहून कुलूपबंद ठेवली गेली होती, ती आपल्या एखाद्या मुलास केवळ साधनाअभावी बंद राहू नये.