निरोप्या, गर्दी आणि भाड्याचे चेहरे

फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात 1993 साली योहान हेलसिंगियस या संगणकतज्ज्ञाने एक फुकट टपालसेवा सुरू केली. सगळे त्याला ‘युल्फ’ म्हणत. निमित्त झाले एका वादाचे. इंटरनेटवरच्या चर्चागटांत लिहिणाऱ्याने स्वतःचे खरे नाव दिलेच पाहिजे, असा काही मंडळींचा आग्रह होता. हा नियम कुणालाच राबवता येणार नाही, हे युल्फने वाद घालत बसण्यापेक्षा थेट करून दाखवले.

‘पेनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या सेवेचे काम निरोप्याचे होते. पत्र आधी युल्फच्या सर्व्हरवर यायचे. तिथे पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता निघून जायचा, त्या जागी ‘एएन’ ही अक्षरे आणि एक क्रमांक लागायचा, आणि मग पत्र मुक्कामी पोचायचे. वाचणाऱ्याने त्या क्रमांकाला उत्तर लिहिले की सर्व्हर ते मूळ माणसाकडे बिनबोभाट नेऊन द्यायचा. पेनेटचे मोल होते ते याच परतीच्या वाटेत. लैंगिक अत्याचारातून सावरणारी माणसे एकमेकांशी बोलायला या सेवेचा आधार घेत. घरी, कचेरीत, मित्रांत जे उच्चारता येत नव्हते ते तिथे लिहिता येत होते आणि कुणीतरी उलट उत्तरही देत होते. तीन-साडेतीन वर्षांत पाच लाखांहून जास्त लोकांनी असे क्रमांक घेतले.

मेख एकच होती. कुठला क्रमांक कुणाचा, याचा तक्ता त्याच सर्व्हरच्या डिस्कवर होता. तो तक्ता नसता तर उत्तरे पोचलीच नसती.

फेब्रुवारी 1995 मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीने तक्रार केली, की आमची खासगी कागदपत्रे या सेवेतून जगजाहीर झाली आहेत. फिनिश पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले. संपूर्ण तक्ता जप्त होण्यापेक्षा एक पत्ता दिलेला बरा, असे ठरवून युल्फने एकच पत्ता दिला. पुढच्या वर्षी त्याच संस्थेच्या दुसऱ्या प्रकरणात हेलसिंकीच्या न्यायालयाने आणखी ओळखी उघड करायचा आदेश दिला. त्याच सुमारास ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राने युल्फच्या सर्व्हरवर बालकांच्या अश्लील चित्रांचा ठपका ठेवला. वास्तविक चित्रे जाऊ नयेत म्हणून युल्फने पत्रांच्या आकारावर 16 किलोबाइटची मर्यादा आधीच घातली होती, आणि फिनिश पोलिसांनीही तो आरोप मानला नाही. पण ईमेलला कागदी पत्राइतके कायद्याचे संरक्षण आहे की नाही हेच स्पष्ट नसताना लोकांना भरवसा द्यायचा कसा? 30 ऑगस्ट 1996 रोजी त्याने सेवा बंद केली.

ऑनलाइन अनामिकतेचा इतिहास सांगताना लपणाऱ्यांच्याच गोष्टी जास्त सांगितल्या जातात. त्यांच्यासाठी मध्ये उभ्या राहणाऱ्यांकडे पाहिले तर हा इतिहास अधिक कळतो. युल्फ मध्ये उभा राहिला तो स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या नावाने. पुढे या जागेवर कोण कोण आले आणि त्यांना कुणी विचारले होते का, हे पाहण्यासारखे आहे.

मध्ये उभ्या राहणाऱ्या संगणकाला ‘प्रॉक्सी’ म्हणतात, पण या शब्दाला सुरुवातीला लपण्याचा वाससुद्धा नव्हता. 1994 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेतला आरी लुओतोनेन आणि अमेरिकेतल्या इंटेल कंपनीतला केव्हिन ऑल्टिस यांनी वेबसाठी प्रॉक्सी सर्व्हर मांडला. फायरवॉलच्या आत बसलेल्या लोकांना बाहेरची वेब पाहता यावी, आणि एकदा आलेले पान साठवून ठेवून दुसऱ्याला लगेच देता यावे, हे त्याचे काम होते. आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये वाढलेल्या पिढीला हा प्रॉक्सी चांगला ठाऊक आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता आणि पोर्ट नंबर टाकल्याशिवाय काही उघडायचे नाही. त्याच प्रॉक्सीने ऑर्कुट हे तेव्हाचे समाजमाध्यम अडवले की बाहेरची दुसरी प्रॉक्सी साइट शोधायची, हा धडाही तिथेच मिळाला. बाहेरच्या जगाला त्या सगळ्या विद्यार्थ्यांचा मिळून एकच पत्ता दिसायचा. अनामिकता ही या व्यवस्थेत आपोआप पडलेली भर होती.

पेनेटच्या दुखण्यावरचा उपाय खरे तर 1981 पासून कागदावर होता. डेव्हिड चॉम या अमेरिकी संशोधकाने त्या वर्षी एका निबंधात सुचवले, की निरोप एकाच्या हाती देऊच नये. अनेकांच्या हातून तो जावा, प्रत्येक टप्प्यासाठी कुलपाचा एकेक थर असावा, आणि प्रत्येकाने आपला थर काढून पुढचा पत्ता तेवढा वाचावा. 1995 मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सिव्हरसन यांनी याच धर्तीवर वेबसाठी ‘अनियन राउटिंग’ची आखणी केली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन त्यांना येऊन मिळाले आणि ऑक्टोबर 2002 मध्ये याच तत्त्वावरचे ‘टॉर’ हे जाळे सुरू झाले. टॉरमध्ये नेहमीची वाट तीन टप्प्यांची असते. पहिल्याला पाठवणारा दिसतो, तिसऱ्याला पोचायचे ठिकाण दिसते, आणि दोन्ही एकत्र कुणालाच दिसत नाहीत. जप्त करण्याजोगा तक्ताच उरत नाही.

नौदलाने ही चीज जगाला खुली का केली, याचे उत्तर सरळ आहे. ते जाळे फक्त नौदलाने वापरले असते तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. लपायला गर्दी लागते, आणि गर्दीत पत्रकार हवेत, आजारांची माहिती शोधणारे हवेत, नवऱ्याच्या पाळतीतून सुटलेली बाई हवी, आणि निव्वळ कुतूहलाने आलेलेही हवेत.

या जाळ्याचे टप्पे बहुतांशी स्वयंसेवक चालवतात. त्यातही शेवटचा टप्पा चालवणारा जोखीम घेतो, कारण इतरांच्या कृत्यांवर त्याचा पत्ता उमटतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात 2012 मध्ये अशाच एका तरुणाच्या घरावर छापा पडला आणि 2014 मध्ये न्यायालयाने त्याला दोषी धरले. तरीही माणसे हे काम करतात. समजून-उमजून, दुसऱ्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी स्वतःचा पत्ता देणारी ही माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे, ही गोष्ट महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. 2007 मध्ये ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरहून एका तरुण संगणक अभियंत्याला पकडून आणले. इंटरनेट कंपनीने दिलेली आयपी ॲड्रेसची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याची, माहितीच चुकीची होती. त्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता, पण ते उमगून सुटका होईपर्यंत येरवडा तुरुंगात त्याचे 50 दिवस गेले. पुढच्याच वर्षी, 26 जुलै 2008 रोजी, अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा एक ईमेल निघाला. माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका इमारतीत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या फ्लॅटवर. त्याच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता आणि कुणीतरी बाहेरून ते वापरले होते. पाठोपाठचे असेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. त्यानंतर मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वाय-फाय शोधत फिरले. सानपाड्याचा तो रहिवासी नकळत कुणाचा तरी प्रॉक्सी झाला होता. येरवड्यातला तरुण तर मध्येही उभा नव्हता.

तोवर वेबसाइटवाल्यांना मात्र माणूस ओळखायला आयपी ॲड्रेसची गरज कमी होऊ लागली होती. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुलीने कुकी बनवली ती ऑनलाइन दुकानातली पिशवी लक्षात राहावी म्हणून. जाहिरातवाल्यांनी तिच्यावर पाळतीचा इमला उभा केला. लोक कुकी पुसायला शिकले, तशी नजर ब्राउझरच्याच ठेवणीकडे वळली. स्क्रीन केवढी, टाइमझोन कुठला, फाँट कोणते, प्लगइन कोणते? इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या पीटर एकर्स्लीने 2010 मध्ये 4,70,161 ब्राउझरांचे असे नमुने तपासले. त्यांतले 83.6 टक्के नमुने एकमेवाद्वितीय निघाले. फ्लॅश किंवा जावा असलेल्यांत तर हे प्रमाण 94.2 टक्के होते.

दोन वर्षांनी कीटन मॉवरी आणि होवाव शाकम यांनी आणखी एक खूण दाखवून दिली. पान उघडताना साइट ब्राउझरला सांगते, की वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या एका चौकटीत एक ओळ रंगव. ओळ तीच, अक्षरे तीच, पण ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची पद्धत यांनुसार काही पिक्सेलच्या छटा केसभर बदलतात. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. त्या चित्राचा एक लहानसा आकडा बनतो आणि तो ओळखखूण म्हणून चालतो. 2014 मध्ये प्रिन्स्टन आणि बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक लाख प्रमुख साइट पाहिल्या, तर साडेपाच टक्के साइटवर हे चालू होते. वाचणाऱ्याला कुणी विचारले नव्हते आणि पुसून टाकण्याजोगे त्याच्या संगणकावर काही ठेवलेही नव्हते.

यावर दोन उत्तरे निघाली आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. टॉर ब्राउझरने गर्दीचाच मार्ग पुढे नेला, म्हणजे सगळ्यांनी सारखे दिसायचे. टाइमझोन सगळ्यांचा एकच. खिडकी मोठी केली तरी पानाभोवती करडी पट्टी सोडली जाते, म्हणजे मापे ठरावीक टप्प्यांतच राहतात. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत ब्राउझर वापरणाऱ्याला तो विचारतो, की साइटकडे इंग्रजी पाने मागू का? कारण दुर्मीळ भाषा मागणारा लगेच वेगळा पडतो. मराठी वाचकाने मराठीचा आग्रह धरला की त्या गर्दीत तो एकटा उभा दिसणार, हे कटू असले तरी खरे आहे.

दुसरे उत्तर बहुरूप्याचे. पोलीस झाला की पोलिसाचा पट्टा, शिटी, जोडे आणि बोलण्याची ढब, सगळे त्याच सोंगाचे हवे. अँटिडिटेक्ट ब्राउझर तेच करतो. 2010 च्या दशकाच्या मध्यापासून या नावाचा धंदा वाढला. एका संगणकावर शंभर प्रोफाइल उघडायची, प्रत्येकाचे फाँट, स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड, कुकी निराळ्या, आणि प्रत्येकाला शोभेल अशा शहरातला प्रॉक्सी जोडायचा. जाहिराती चालवणाऱ्या एजन्सी अनेक गिऱ्हाइकांची खाती सांभाळायला ही अवजारे घेतात, फसवणुकीचा छडा लावणारेही घेतात. पण खोटी खाती, खोटी परीक्षणे आणि चोरलेली कार्डे चालवणाऱ्यांना यांचे आकर्षण जास्त, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोंग उघडे पडते ते विसंगतीने. सांगायचे मॅक आणि ग्राफिक्स कार्ड विंडोजचे. किंवा छुपे चित्र दोनदा रंगवायला लावले तर दोन्ही वेळा वेगळे येते, जे खऱ्या संगणकावर सहसा होत नाही.

मग बनावट चेहऱ्यापेक्षा खरा चेहराच चोरायचा, ही पुढची पायरी. ‘जेनेसिस मार्केट’ या बाजारात लागण झालेल्या संगणकांतून उचललेले पासवर्ड, कुकी आणि ब्राउझरची ठेवण एकत्र विकली जाई, आणि तो चेहरा चढवायला खास ब्राउझरही दिला जाई. भाव 70 सेंटपासून काही शे डॉलरपर्यंत. एप्रिल 2023 मध्ये एफबीआय, डच पोलीस आणि युरोपोल यांनी 17 देशांच्या मदतीने तो बंद पाडला, 119 जणांना अटक झाली. तोवर 15 लाखांहून अधिक संगणकांची माहिती तिथे विक्रीला लागून गेली होती.

चेहऱ्यासोबत पत्ताही खऱ्या घराचा लागतो, कारण डेटा सेंटरचे आयपी साइट लगेच ओळखतात. 2015 मध्ये इस्रायलच्या ‘होला’ या फुकट व्हीपीएनचे, म्हणजे आपला पत्ता झाकून देणाऱ्या सेवेचे, प्रकरण बाहेर आले. तिच्या वापरकर्त्यांची इंटरनेट जोडणी ‘ल्युमिनाती’ या नावाने इतरांना पैसे घेऊन वापरायला दिली जात होती. ‘911 एस5’ या जाळ्याने तर कमाल केली. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट ॲप लोकांनी उतरवून घेतली आणि त्यांचे संगणक परस्पर भाड्याने गेले. मे 2024 मध्ये सिंगापुरात या जाळ्याच्या चालकाला अटक झाली तेव्हा अमेरिकेच्या न्यायखात्याने आकडा दिला तो 1 कोटी 90 लाख आयपी ॲड्रेसचा. त्यांच्या आडून कोविडकाळात बेकारभत्त्याचे 5,60,000 खोटे अर्ज गेले आणि 5.9 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम लाटली गेली. गंमत म्हणून घेतलेल्या फुकट व्हीपीएनमुळे किती घरांचे पत्ते कुठल्या गुन्ह्यांवर उमटले असतील! हेलसिंकीचा निरोप्या स्वतःहून मध्ये उभा होता. या घरांतल्या माणसांना आपण मध्ये उभे आहोत याची खबरच नव्हती. सानपाड्यात एका फ्लॅटबाबत घडले ते इथे जवळपास दोन कोटी पत्त्यांच्या घाऊक व्यापारात घडले.

भारत सरकारने 28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इन या आपल्या सायबरसुरक्षा संस्थेमार्फत काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि दिलेले आयपी पाच वर्षे जपून ठेवावेत, असे बंधन घातले. म्हणजे युल्फच्या डिस्कवरचा तो तक्ता आता कायद्याने सक्तीचा झाला. गुन्हेगार भाड्याचे पत्ते घेतात तिथे हा नियम पोचत नाही. नाव देऊन, पैसे भरून व्हीपीएन घेणाऱ्या पत्रकाराला आणि वकिलाला मात्र तो नेमका गाठतो. एक्स्प्रेसव्हीपीएन या कंपनीने जूनमध्येच भारतातले सर्व्हर हलवले, इतर कंपन्याही गेल्या. ‘भारत’ हा पर्याय एक्स्प्रेसव्हीपीएनने यादीत कायम ठेवला. तो निवडला की आयपी भारतातलाच दिसतो, पण सर्व्हर सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये असतो.