ट्राइक
त्रिकोणी कापडी पंखाखाली टांगलेले, तीन चाकांचे, एक-दोन आसनांचे हौशी मायक्रोलाइट विमान. इंजिन पाठीमागे. पंखाचे मूळ फ्रान्सिस रोगॅलो यांच्या १९४८ च्या लवचिक पतंगात सापडते. ट्राइकला शेपूट नसते. समोरचा आडवा दांडा धरून वैमानिक पंखाखालचा भार सरकवतो. दांडा पुढे ढकलला की नाक वर होऊन वेग घटतो, ओढला की वाढतो. नेहमीच्या विमानात नेमके उलट, त्यामुळे तिथला मुरलेला वैमानिकही इथे सुरुवातीला गडबडतो. दुपारची तापलेली हवा हेलकावे देते; म्हणून हौशी मंडळी पहाट गाठतात. २००१ मध्ये विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला स्थलांतराची वाट शिकताना हूपिंग क्रेन पक्ष्यांची पिल्ले ट्राइकमागे उडाली; माणसाची सवय लागू नये म्हणून वैमानिक पांढरा झगा घालत.