बालगंधर्वांच्या तबकड्या आणि तीन पिढ्यांचे कान

लोकप्रियतेचा इतिहास लिहिणें हें राज्यांचा इतिहास लिहिण्याहून कठीण आहे. एखादें राज्य कोणत्या सालीं बुडालें हें सांगतां येतें; पण एखाद्या गाण्यावरून समाजाचें मन केव्हां उडालें आणि तें पुनः केव्हां बसलें, याची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. अशा कामीं ग्रामोफोनची तबकडी हें एक उपयोगी साधन आहे. माणसें जातात, नाटकगृहें ओस पडतात, तबकडींतलें गाणें मात्र आहे तसेंच राहतें. तेव्हां एकाच तबकडीविषयीं तीन पिढ्यांनीं तीन निराळे अभिप्राय दिले, तर बदलले ते कान, असें समजण्यास हरकत नाहीं. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या मुद्रिका या दृष्टीनें तपासून पाहण्यासारख्या आहेत.

हिंदुस्थानांत गाणें मुद्रित करण्यास १९०२ सालीं कलकत्त्यास आरंभ झाला. बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळींत आले ते १९०५ सालीं. पुढें ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९) हीं नाटकें रंगभूमीवर आलीं, आणि भामिनी, रुक्मिणी व सिंधू यांचीं पदें मध्यमवर्गाच्या माजघरांत फोनोच्या कर्ण्यांतून ऐकूं येऊं लागलीं. त्या तबकडीच्या एका बाजूस अवघीं सुमारें तीन मिनिटें मावत. ज्या पदाला नाटकगृहांत ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ पडत, तेंच तीन मिनिटांत आटपून सुई शेवटच्या रेघेवर खरखरूं लागे. विद्युत्‌ध्वनिमुद्रण १९२५ सालीं सुरू झालें; त्यापूर्वींच्या मुद्रिका तर कर्ण्यांत तोंड घालूनच गाव्या लागल्या. साथीच्या वाद्यांचा आवाज त्यांत क्षीण येतो, तबला दूर कोठें वाजत असल्यासारखा वाटतो.

मग लोक त्या सांगाड्यावर इतके लुब्ध कां झाले? आमच्या मतें ते तबकडी ऐकतच नव्हते. ते आठवण ऐकत होते. सुई टेंकली कीं रुक्मिणीचा शालू, ऑर्गनचे सूर आणि अत्तराचा घमघमाट हीं सारीं माजघरांत अवतरत. १९२१ सालच्या ८ जुलै रोजीं मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त ‘मानापमान’ केलें. ज्यांनीं तें पाहिलें त्यांची तबकडी आणि ज्यांस तें चुकलें त्यांची तबकडी या वस्तुतः दोन निराळ्या वस्तू होत्या, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

दुसरी पिढी आली ती ही आठवण घेऊन आली नाहीं. १९३१ सालीं हिंदुस्थानांत बोलपट सुरू झाला. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकानें थोडक्या गाण्यांचें, सहज बोलण्याचें नवें वळण घातलें; त्यांतल्या बिंबेच्या भूमिकेंत जोत्स्नाबाई भोळे होत्या. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः रंगभूमीवर आणि मैफलींत उभ्या राहिल्या, भावगीताच्या तबकड्या निघूं लागल्या, आणि स्त्रीचें दुःख स्त्रीच्याच कंठांतून ऐकण्याची संवय कानाला झाली. त्यानंतर सिंधूचा विलाप पुरुषानें गावा याचेंच नवल वाटूं लागलें. बालगंधर्वांना या तरुणांनीं पाहिलें तें उतरत्या वयांत. १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत ते संत एकनाथ झाले, परंतु पडद्यानें त्यांना जवळ केलें नाहीं. घरांत वडील तबकडी लावीत आणि मुलगा विचारी, “एकाच शब्दाला इतक्या वेळां कां घोळायचें?” प्रश्न उद्धट खरा, पण वडिलांजवळ त्याचें उत्तर नव्हतें, कारण त्यांना जें दिसत होतें तें मुलाला दाखवितां येत नव्हतें.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा नव्हता. तबकडी लाखेची, पडली कीं फुटते. घराला नकोशी झालेली तबकडी प्रथम माळ्यावर जाते, तेथून जुन्या बाजारांत, आणि तेथून कोठें जाते हें कोणी विचारीत नाहीं. एका पिढीची अरुचि म्हणजे पुढच्या पिढीचें कायमचें नुकसान. कांहीं हौशी संग्राहकांनीं त्या ओझ्यासारख्या पेट्या संभाळल्या नसत्या, तर पुढच्या कथेला विषयच उरता ना.

बालगंधर्व १९६७ सालीं वारले. त्या सुमाराचा फेरविचार घडविणाऱ्यांत कुमार गंधर्वांचें नांव आधीं घेतलें पाहिजे. ख्यालगायक असून त्यांनीं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नांवानें तीं पदें आपल्या गळ्यांतून पुनः मांडलीं. अनुकरण न करितां केलेली ती टीकाच होती, आणि टीका गाऊन करतां येते हें आमच्याकडे क्वचितच दिसतें. ज्यांनीं नाटक पाहिलें नव्हतें त्यांनीं मग जुन्या मुद्रिकांकडे निराळा कान दिला. त्यांना ऐकूं आला तो शब्द न मोडतां घेतलेला आलाप, समेवर न आदळतां तिला अलगद शिवणारी लय, भास्करबुवा बखल्यांनीं ‘स्वयंवरा’च्या पदांत रागांची ठेवलेली आंच. १९११ चा प्रेक्षक या गोष्टी गृहीतच धरीत असे. त्याची वाहवा शालूला आणि लाडिकपणालाहि तितकीच होती. २०११ सालीं ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला, आणि त्यांतल्या आनंद भाटे यांच्या गायनास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजोबांचा विषय नातवंडांनीं पुनः आपला केला.

येथें एक मौज आहे. दुसऱ्या पिढीचा मुख्य आक्षेप पाल्हाळाचा. पण तीन मिनिटांच्या तबकडींत पाल्हाळाला जागा कोठें? तो आक्षेप नाटकगृहांतल्या लांबलेल्या रात्रींचा होता आणि तबकडीच्या माथीं मारला गेला. उलट तिसरी पिढी ज्या आटोपशीरपणाची स्तुति करिते तो गायकाचा नसून यंत्राचा आहे; बालगंधर्वांना मोकळें सोडलें असतें तर ते तसे गायलेच नसते. या तिसऱ्या पिढीलाहि एक गोष्ट ऐकूं येत नाहीं. ती या पदांना शुद्ध रागदारीचे नमुने समजते आणि तीं रुक्मिणीच्या तोंडचीं आहेत, कथेच्या एका वळणावर म्हटलेलीं आहेत, हें विसरते.

अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्यांचें नशीब निराळें. त्यांना कोणत्या नाटकाची छाया नव्हती. झिंझोटींतली त्यांची ठुमरी ज्यानें ऐकली त्यानें ती तबकडी म्हणूनच ऐकली. भीमसेन जोशी लहानपणीं त्या सुरांनीं वेडे झाले ते असेच, खांसाहेबांना न पाहतां. म्हणून त्या मुद्रिकांची कीर्ति १९३७ सालीं खांसाहेब निवर्तल्यावरहि फारशी हेलकावली नाहीं.

आरंभीं आम्ही म्हटलें कीं तबकडींतलें गाणें आहे तसेंच राहतें. त्यालाहि एक पुस्ती जोडावी लागते. जुन्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नसत. कांहीं त्याहून मंद गतीनें मुद्रित झालेल्या असत. अशी तबकडी ७८ च्या गतीनें फिरविली कीं सूर चढतो, लय धांवते आणि आवाज बारीक, चिरका होतो. तेव्हां एखादी जुनी मुद्रिका ऐकून बालगंधर्वांचा आवाज चिरका ठरविण्यापूर्वीं ती कोणत्या गतीनें फिरत आहे, एवढें वाचकांनीं पाहून घ्यावें.