चोरबाजार ते ‘सैरंध्री’ : कोल्हापूरच्या देशी कॅमेऱ्याची घडण

नाटकाच्या आणि चित्रपटाच्या धंद्यात ज्या वस्तूंना ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, त्या बहुधा दिसण्यापुरत्याच खऱ्या असतात. भीमाची गदा पोकळ असली तरी चालते, मुकुटाला बेगड पुरते आणि तलवारीला धार नसणेच बरे असते. मात्र याच धंद्याला लागून एक वेगळी आणि फार अवघड विद्या आहे, ती म्हणजे अस्सल यंत्र समोर ठेवून, हाती लागतील त्या सुट्या भागांतून त्याची अशी प्रतिकृती घडवणे की ती नुसती अस्सलासारखी दिसणार नाही, तर अस्सलासारखी चालेलही. मराठी मुलखात या विद्येचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कोल्हापुरात १९१८ साली पुरा झालेला चलच्चित्राचा कॅमेरा होय. बाबूराव पेंटर यांच्या चरित्रांत या कॅमेऱ्याचा उल्लेख एखाद्या चमत्कारासारखा येतो आणि त्या आदरात खोटे काही नाही. पण चमत्कार म्हटले की तो कोणत्या हातांनी, कोणत्या सवयीने आणि कोणत्या गरजेतून घडला हा प्रश्न विचारायचे राहून जाते, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा आहे.

पडद्यावर चित्रे दाखवण्याची खटपट महाराष्ट्रात सिनेमाच्या आधीपासून चालू होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात मोठी करून दाखवण्याचे खेळ केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांवाचून येत असे आणि ती अंधारात बसून छिद्रित करण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. या सर्वांचे कर्तृत्व मोठे असले तरी सावेदादा आणि फाळके यांचे कॅमेरे विलायती कारखान्यांतून आलेले होते.

कोल्हापूरच्या मेस्त्री बंधूंची गोष्ट येथेच वेगळी होते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. घराणे पिढीजात कारागिरांचे, म्हणजे लाकूड, धातू आणि कोरीव काम यांची ओळख पाटी-पेन्सिलीच्या आधी होणारे. चुलतभाऊ आनंदराव आणि बाबूराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव कमावले आणि ‘पेंटर’ ही त्यांची ओळख याच कामातून पक्की झाली. संगीत नाटकाच्या त्या बहराच्या काळात केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ आणि बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’ यांच्यासारख्या संस्थांना राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ असे प्रसंगानुरूप पडदे लागत. पडदा रंगवणाऱ्याला त्यावरचा उजेड कसा पडेल, तो किती वेगाने वर जाईल, गुंडाळताना रंग कुठे तडकेल याचाही हिशेब ठेवावा लागे. अर्थात हा चित्रकार निम्मा यंत्रकारच असे.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि या दोघा भावांना सिनेमाचा ध्यास लागला. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून, म्हणजे चोरबाजारातून, एक वापरलेला प्रोजेक्टर विकत घेतला, त्यावर लोकांना खेळ दाखवले आणि खेळ दाखवता दाखवता यंत्राचा अभ्यास केला. या खरेदीत मोठे शहाणपण होते, कारण प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच कुळातली यंत्रे आहेत. ल्युमिएर बंधूंचे मूळ यंत्र तर एकाच पेटीत चित्र टिपणे, त्याची प्रत काढणे आणि ती पडद्यावर टाकणे ही तिन्ही कामे करीत असे.

या यंत्राचे मर्म थोडे जवळून पाहिले पाहिजे. फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असते, प्रत्येक चित्रचौकटीच्या दोन्ही बाजूंना चार चार छिद्रे असतात आणि एका फुटात सोळा चौकटी मावतात. हँडल सारख्या गतीने फिरत असले तरी फिल्म सारख्या गतीने सरकून चालत नाही; एक चौकट भिंगासमोर आली की तिने क्षणभर निश्चल थांबले पाहिजे आणि मग झटक्यात पुढची चौकट तिच्या जागी आली पाहिजे. ही थांबत-थांबत चाल साधण्याचा प्रोजेक्टरमधला प्रसिद्ध उपाय म्हणजे माल्टाचा क्रूस. चार खाचांचे हे चाक एका अखंड फिरणाऱ्या चकतीशेजारी बसवलेले असते. चकतीवरची खुंटी खाचेत शिरली की चाक पाव फेरा फिरते आणि खुंटी बाहेर पडली की ते जागच्या जागी कुलूपबंद राहते. त्याच दांड्यावर सोळा दात्यांचा रूळ असला तर पाव फेऱ्यात चार दाते, म्हणजे नेमकी एक चौकट पुढे सरकते. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर हे सरकणे सेकंदाच्या चौसष्टाव्या भागात उरकते आणि त्याच्या तिप्पट वेळ फिल्म स्थिर राहते. सरकतेवेळी उजेड अडवण्यासाठी फिरती पाकळी असते, तिला शटर म्हणतात. कॅमेऱ्यात क्रुसाऐवजी बहुधा नख्या असतात. त्या छिद्रांत अडकून फिल्म खाली ओढतात, मागे सरतात आणि पुन्हा वर जाऊन पुढची छिद्रे धरतात.

प्रोजेक्टर समजला म्हणजे कॅमेरा करता आला, असे मात्र नव्हे. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो, त्यामुळे पेटीला फट असली तरी फारसे बिघडत नाही. कॅमेऱ्यात उजेड बाहेरून आत येतो आणि भिंगाखेरीज कुठूनही आलेला कवडसा सगळी फिल्म काळवंडून टाकतो. म्हणून फिल्मचे डबे, त्यांची झाकणे आणि फिल्म आत-बाहेर जाण्याच्या चिरा इतक्या चोख बसवाव्या लागतात की चिरेला मखमल लावूनही फिल्मवर ओरखडा उठू नये. शिवाय चौकट जेमतेम २४ मिलिमीटर रुंद असते; ती बारा फूट रुंदीच्या पडद्यावर पसरली तर दीडशेपट मोठी होते, आणि फिल्म दर वेळी एक दशांश मिलिमीटरने जरी इकडेतिकडे थांबली तरी पडद्यावरचा माणूस दीड सेंटिमीटर थरथरतो. ही अचूकता कानस, लेथ आणि नजर यांच्या जोरावर साधायची, तीही हाताने हँडल मारून सेकंदाला दोन फेरे आणि फेऱ्याला आठ चौकटी हा ताल न चुकवता, हे काम केवढे कष्टाचे असेल याची कल्पना त्या त्या भागाचा विचार केल्याशिवाय येत नाही.

कॅमेऱ्याची जुळणी आनंदरावांनी सुरू केली होती, पण १९१६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी ते काम विष्णुपंत गोविंद दामले या आपल्या शिष्याच्या साथीने पुढे नेले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार झाला. हा काळ पहिल्या महायुद्धाचा होता, विलायती माल मिळणे कठीण आणि महाग झाले होते, आणि जे आहे त्यातून घडवून घेणे ही दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांची रीतच झाली होती. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला होता. युद्धकाळातल्या लोखंडाच्या टंचाईत शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना नांगरांसाठी दिल्या, अशी हकिकत शाहूचरित्रांत येते. तोफेचा नांगर आणि जुन्या बाजारातल्या प्रोजेक्टरच्या अभ्यासातून कॅमेरा, ही दोन्ही कामे एकाच वृत्तीची आहेत. त्यामुळे कोल्हापूरचा कॅमेरा ही एकट्या प्रतिभेची करामत मानण्यापेक्षा, एका कारागीर मुलखाने वेळेवर दिलेले उत्तर मानणे अधिक न्याय्य ठरेल.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना १९१७ च्या अखेरीची. तिला गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, आणि मराठी चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो ही खंतावणारी गोष्ट आहे. देशी कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या ‘आर्यन’ चित्रपटगृहात लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका भेदक उतरला होता की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरवले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले होते आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच कथेची निवड किती धाडसाची होती ते कळते.

विशेष म्हणजे याच सुमारास, १९१७-१८ मध्ये, मद्रासेत आर. नटराज मुदलियार यांनी दक्षिणेतला पहिला कथापट काढला तो ‘कीचकवधम्’ हाच. मुदलियार सायकलींच्या आणि पुढे मोटारी व मोटारीच्या सुट्या भागांच्या व्यापारातले होते. कॅमेरा चालवण्याचे शिक्षण त्यांनी पुण्यात स्ट्युअर्ट स्मिथ या इंग्रज कॅमेरामनकडून घेतले आणि परत जाऊन मद्रासेत आपला स्टुडिओ थाटला. मद्रासचा निर्माता यंत्राच्या व्यापारातून सिनेमाकडे आला आणि कोल्हापूरचा निर्माता यंत्राच्या घडणीतून, हा फरक लहान नाही. दोन्ही चित्रपट आज उपलब्ध नाहीत, म्हणून त्यांची तुलना पडद्यावर करता येत नाही.

कॅमेरा घडवताना लागलेली सवय पुढच्या कामातही दिसते. बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव, तिन्ही मितींचे देखावे उभारले. स्वतः पडदे रंगवून मोठा झालेला माणूस पडदे बाजूला सारतो, यात त्यांची दृष्टी दिसते. त्या काळच्या फिल्मला लाल रंग काळा आणि निळा रंग पांढुरका दिसे, म्हणून वस्तू डोळ्यांना कशी दिसते यापेक्षा भिंगातून कशी उतरेल हे पाहून ती रंगवावी लागे. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. महाराष्ट्र फिल्म कंपनीतच दामले आणि साहेबमामा फत्तेलाल तयार झाले आणि पुढे शांताराम वणकुद्रेही आले. १९२९ मध्ये या तिघांनी केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ कंपनी काढली. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांना नेण्यासाठी येणारे विमान पाहताना, ज्या दामल्यांनी तरुणपणी कॅमेऱ्याच्या दात्यांना कानस मारली त्यांचाच हात त्यामागे आहे, हे विसरता येत नाही.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले आहेत. पुण्यातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले तोवर उशीर झाला होता, आणि ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म जपण्याची सोय त्याआधी फारशी नव्हती. दिवसेंदिवस जुन्या काळावरचे चित्रपट अधिक निघत आहेत. फाळक्यांवरच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे हँडलचा कॅमेरा नव्या पिढीला पडद्यावर दिसला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारकही आहे. पण स्मारकातला कॅमेरा फिल्म ओढत नाही, आणि चित्रपटातल्या प्रॉपर्टीचे काम दिसण्यावर भागते. इंजिने, पंप आणि ओतकाम यांसाठी देशभर माल पाठवणाऱ्या कोल्हापूरच्या कारखानदारांनी, तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि चित्रपट महामंडळाने एकत्र येऊन त्या काळच्या साधनांनी हँडलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची प्रतिकृती घडवावी, प्रत्येक भागाचा आराखडा मराठीत छापावा आणि तिच्यावर दरसाल शंभर फूट तरी फिल्म चित्रित करून लोकांना दाखवावी. त्यासाठी लागणारे लेथ, ओतशाळा आणि हात शिरोली, उद्यमनगर आणि गोकुळ शिरगाव येथे आजही काम करीत आहेत.