ऊन, माशाचे तेल आणि पडसे

थंडी पडली, की पडसे-खोकला घरोघरी शिरतो. आणि त्याच दिवसांत ऊनही मंदावलेले असते. या दोहोंत कार्यकारणसंबंध असावा, ही कल्पना कोणालाही सुचण्याजोगी आहे. परंतु सुचणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे.

या कथेचा आरंभ मुडदुसापासून होतो. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांनी बरी करून दाखविली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग केले व कॉड माशाच्या तेलाने हा रोग टळतो, असे दाखविले. तेलातील त्या गुणकारी घटकाला पुढे 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळाले. हाडांपुरता प्रश्न सुटला.

श्वसनमार्गाच्या विकारांचा प्रश्न मात्र सुटला नाही. इन्फ्लुएन्झाच्या साथी सूर्याच्या वार्षिक गतीशी निगडित असाव्यात, असे १९८१ साली होप-सिम्सन या इंग्रज डॉक्टरांनी सुचविले. तो दुवा 'ड' जीवनसत्त्वाचा असावा, असा तर्क २००६ मध्ये कॅनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. २०१० साली जपानमधील शाळकरी मुलांवरील चाचणीने आशा वाढविली: जीवनसत्त्व घेणाऱ्यांत 'अ' प्रकारचा इन्फ्लुएन्झा १०.८ टक्के, न घेणाऱ्यांत १८.६ टक्के. परंतु दोनच वर्षांनी न्यूझीलंडमध्ये ३२२ प्रौढांना दरमहा मोठी मात्रा देऊनही पडसे कमी झाले नाही. २०१७ साली पंचवीस चाचण्यांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा अल्पसा लाभ दिसला. विशेषतः ज्यांच्या शरीरात या सत्त्वाची तीव्र उणीव होती व ज्यांना ते रोज वा आठवड्याला दिले गेले, त्यांना.

मग २०२० ची महामारी आली आणि भयभीत माणसाने या आशेला मिठी मारली. नॉर्वेमध्ये चौतीस हजारांवर लोकांवर तेच जुने कॉडचे तेल तपासले गेले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: संसर्ग टळला नाही. २०२५ च्या व्यापक आढाव्यात तर २०१७ चा तो अल्प लाभही योगायोगाच्या मर्यादेत आला.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. मुडदुसावरील विजय अबाधित आहे. उणीव असेल तेथे ती भरून काढलीच पाहिजे. परंतु लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारख्या शासकीय सेवकाला या इतिहासातून एक धडा मिळतो. एका व्याधीवर गुणकारी ठरलेले औषध दुसऱ्या व्याधीवर जामीन राहत नाही. तेथे त्याला पुन्हा परीक्षेस बसावेच लागते. आणि प्रतिकूल निकाल प्रांजळपणे जाहीर करणे, हीदेखील लोकसेवाच होय.